आमच्या गावातला सगळ्यात नेश माणूस

हेडली फर्निस हा माझा धाकटा भाऊ. माझ्याहून चार वर्षांनी लहान, वीतभर बुटका, आणि आमच्या हार्टस्लॅक गावातला सगळ्यात नेश माणूस. हे मी नाही म्हणत, अख्खं गाव म्हणतं. मी फक्त सगळ्यात आधी म्हणलं.

नेश हा शब्द इंग्लंडातल्या आमच्या डर्बीशरच्या बाहेर लांबवर चालत नाही. पलटणीत असताना मी लंडनच्या एका पोराला म्हणलं, "दोन-दोन कांबळी घेतोस, नेश आहेस काय?" तर तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आमच्या शेजारच्या स्टोकचा आणि नॉटिंगहॅमचा मात्र पोट धरून हसले. नेश म्हणजे थंडी न सोसणारा. मे महिन्यात गळपट्टा बांधणारा, ओढ्यात अंगठा बुडवला की हाय हाय करणारा, विस्तवाजवळची खुर्ची न सोडणारा. आमच्याकडे ही शिवीच आहे, फक्त आईसमोर देता येते एवढंच.

पण माझी आजी हाच शब्द पावाला लावायची. बोटानं दाबून बघायची आणि म्हणायची, "आजचा पाव नेश आहे हो." म्हणजे ताजा, मऊसूत. मेंढपाळ नुकत्याच कातरलेल्या मेंढीला नेश म्हणतात, तिला आठवडाभर वाऱ्यात सोडत नाहीत. आणि आम्ही चुनखडीच्या खाणीतले लोक, हातोडा लागताच भुगा होतो त्या दगडाला नेश म्हणतो. पाव नेश असला तर चांगला, मेंढी नेश असली तर जपायची, दगड नेश असला तर फेकून द्यायचा. माणूस नेश निघाला तर त्याचं काय करायचं, हे ज्याच्या त्याच्या घरावर.

आमच्या घरी त्याला जपायचं ठरलं.

एकदा चर्चच्या चहाला आमच्या पाद्रीसाहेबांनी मोठं पुराण लावलं होतं. म्हणाले, हा शब्द हजार वर्षांचा आहे, आणि तेव्हा त्यात काही वाईट नव्हतं. लोणी नेश, लोकर नेश, दयाळू माणसाचं मन नेश. पुढं लोक शपथ घेताना म्हणायचे, कठीणात आणि नेशात तुझ्यासोबत राहीन, म्हणजे दुःखात आणि सुखात. घसरत घसरत आता तो थंडीवर येऊन पडलाय.

मी म्हणलं, "आमच्याकडे वाटणी झालीय साहेब. कठीण माझ्या वाट्याला, नेश ह्याच्या."

सगळे हसले. हेडली सगळ्यात जास्त हसला. तो असा मनमोकळा हसतो की माझं डोकं फिरतं.

वाटणी खरीच झाली होती. लहानपणी आम्ही दोघं एका खाटेवर झोपायचो. आई चुलीच्या भट्टीतली तापलेली लोखंडी पाटी काढायची, फडक्यात गुंडाळायची आणि हेडलीच्या पायाशी ठेवायची. माझ्या नाही. मी म्हणायचो, "माझेपण पाय गार पडलेत."

आई म्हणायची, "तू धट्टाकट्टा आहेस रे रूबेन. तो नेश आहे."

बापानं मला कधी खांद्यावर घेतलं नाही, कारण मला चालता येत होतं. हेडलीलाही येत होतं. पण बर्फात त्याची बोटं निळी पडायची, म्हणून तो खांद्यावर आणि मी मागून त्यांच्या पावलात पावलं टाकत. बाहेर पोरं त्याला नेश नेश म्हणून चिडवायची, मी चिडवणाऱ्यांत पुढं. घरी आलो की विस्तवापुढच्या खुर्चीत तो आणि अंड्याचं पिवळं त्याच्या ताटलीत. ओटचे घावन तव्यावरून उतरले की पहिला त्याला. अशी शिवी मला मिळाली असती तर मी आनंदानं घेतली असती. पण मला कोण देणार? माझी प्रकृतीच तशी. खाणीत विचारा, रूबेन फर्निस जानेवारीत बाह्या वर करून काम करायचा. अजून त्या खाणीत माझ्या तोडीचा माणूस आलेला नाही.

हेडलीही शाळा सोडल्यावर खाणीत आला. पहिला हिवाळा अर्ध्यावर यायच्या आत मुकादमानं त्याच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाला, "पोरा, तू घरी जा. दगड नेश असला तर आम्ही टाकतो, तुला टाकायला जीव होत नाही." गावभर हसू झालं. पण त्यातून काय निघालं बघा. त्याला ओल्डफील्डच्या बेकरीत काम लागलं. पहाटेपासून भट्टीची ऊब, अंगाला लोण्याचा वास. केकवर साखरेच्या पाकानं नक्षी काढता काढता त्याचा हात असा बसला की त्यानं काढलेली रेघ दोऱ्यासारखी जायची. आणि त्याच बेकरीत विनिफ्रेड बॅगशॉ पाव विकायला होती.

विनिफ्रेडबरोबर नाचात पहिला मी नाचलो होतो. सगळ्या गावानं बघितलंय. नाच संपल्यावर ती मला म्हणाली, "रूबेन, तुझे हात काय गारठलेत रे." मी खाणीतून सरळ आलो होतो, थंड पाण्यानं हात धुऊन. पुढच्या नाचाला ती हेडलीबरोबर उठली. त्याचे हात भट्टीचे. आता ती माझी भावजय आहे. आमच्याकडे बायका लाडानं कोणालाही बदक म्हणतात, पोस्टमनला म्हणतात, कसायाला म्हणतात. विनिफ्रेड मला 'बदका' म्हणते आणि हेडलीला 'माझं बदक'. लग्न मी केलं नाही. आई-बापाच्या घरात राहतो, कोणाचं काही अडत नाही.

माझं म्हणून गावात एकच होतं, ते म्हणजे माती.

दर मे महिन्यात आम्ही गावची विहीर सजवतो. दाराएवढ्या मोठ्या फळ्या तळ्यात भिजवायच्या, त्यांवर खिळे ठोकलेले असतात, त्यांवर ओली चिकणमाती थापायची. मातीत चित्राची रेघ टोचायची, रेघेवर ऑल्डरच्या झाडाची काळी बोंडं बसवायची आणि आत फुलांच्या पाकळ्या, शेवाळ, साल, बिया दाबायच्या. रंगाचा एक ठिपका चालत नाही, जे उगवतं तेच. बायका खालून वर पाकळ्या लावत जातात, कौलं घालतात तशा, म्हणजे पाऊस आला तर वरून निघून जातो. मग पाद्री येऊन पाण्याला आशीर्वाद देतो आणि आजूबाजूची गावं बघायला लोटतात.

ती माती तुडवायची असते. टबात माती, मीठ आणि झऱ्याचं पाणी, आणि त्यात अनवाणी पायांनी नाचायचं. मे महिना असला तरी झऱ्याचं पाणी हाडात शिरतं. वीस वर्षं हे काम मी केलंय. माझ्या मातीत एक खडा सापडला तर सांगा. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की म्हातारा जेथ्रो ग्रॅटन, जो फळीचा मुख्य होता आणि रेघ टोचायचा, त्याची नजर गेली की मुख्य मी होणार. मला तर खात्रीच होती. नवीन पँटसुद्धा शिवून घेतली होती मी.

त्या वर्षी जेथ्रोची नजर गेली. चर्चच्या रविवारच्या शाळेच्या खोलीत सगळे जमले. म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बसला होता. म्हणाला, "माती रूबेनची. तिला तोड नाही. पण रेघ हेडलीची. मुख्य हेडली."

मी म्हणलं, "तो तर तळ्याजवळ येतसुद्धा नाही, जेथ्रोबाबा."

"रेघ कोठारात काढायची असते, तळ्यात नाही."

"वीस वर्षं..."

"वीस वर्षं तू उत्तम तुडवलंस," म्हातारा म्हणाला. "म्हणूनच तुडव म्हणतोय."

हेडली उठून म्हणाला, "रूबेनला द्या ना. मी नुसती रेघ काढतो." त्याच्या त्या बोलण्यानं बायकांचे चेहरे असे पाघळले की माझं जे काही थोडं वजन उरलं होतं तेही गेलं. मी म्हणलं, मला भीक नको. आणि बाहेर पडलो.

माती मात्र तुडवली. ह्या कामात मी कसूर करत नाही. चित्र होतं बायबलातल्या, विहिरीवरच्या रिबेकाचं, खांद्यावर घागर, शेजारी उंट. हेडलीनं रेघ टोचली. आता खोटं कशाला बोलू, रिबेकाचा चेहरा मातीत असा हुबेहूब आला होता की ती आत्ता काहीतरी विचारील. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

त्या आठवड्यात मे असून गारठा पडला. जेथ्रोच्या कोठारात दारातून वारा सुऱ्यासारखा यायचा. दुसऱ्या दिवशी मी पाणी शिंपडायला गेलो तर फळीच्या डाव्या अंगाला रॉकेलची शेगडी धगधगतेय आणि सगळ्या बायका तिला चिकटून पाकळ्या लावतायत. बेकरीतली शेगडी.

मी म्हणलं, "ही कोणी आणली?"

"मी," हेडली म्हणाला. गळपट्टा होताच. "बायकांची बोटं वाकेनात रे."

"बायकांची की तुझी?"

"माझीपण."

"मातीला ऊब नको हेडली. माती गार राहिली पाहिजे. जेथ्रोनं कधी काडी पेटवू दिली होती का इथं?"

विनिफ्रेड पाकळी दाबता दाबता म्हणाली, "जेथ्रोनं कधी पाकळी लावली नाही, आणि तूही नाही. पाय बधिर झाले तरी तुडवता येतं. बोटं बधिर झाली तर काय करायचं?"

"फडकी ओली करून टाकतो मी कडेला," हेडली म्हणाला. "लक्ष ठेवतो."

"ठेव. तू मुख्य आहेस."

मी गेलो. परत दोन दिवस तिकडे फिरकलो नाही. पबमध्ये बसलो आणि जो भेटेल त्याला सांगितलं की ही फळी तडकणार. लोक म्हणाले, तुझ्या पोटात दुखतंय. दुखत होतंच. पण पोटात दुखतंय म्हणून माणसाचं मातीबद्दलचं मत चुकीचं ठरत नाही.

आशीर्वादाच्या आदल्या दिवशी दुपारी विनिफ्रेड स्वतः खाणीवर आली. फाटकापाशी उभी राहिली. ॲप्रनला निळी फुलं चिकटलेली. "रूबेन, चल. तडा गेलाय."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. इतकं बरं मला नाचाच्या दिवसापासून वाटलं नव्हतं.

कोठारात सगळे खाली बघत उभे होते. घागरीपासून निघालेला तडा रिबेकाच्या गालावरून, कपाळावरून वर आभाळात गेला होता. डावी बाजू वाळून पापडासारखी उचलली होती, पाकळ्या गळत होत्या. जेथ्रोला हात धरून आणलं होतं. त्यानं अंगठा फिरवला आणि म्हणाला, "डावा तिसरा हिस्सा खरवडून काढायला लागेल. नवी माती पाहिजे, आत्ता." आणि माझा आवाज आला नव्हता तरी माझ्या बाजूला तोंड केलं.

मी खिशात हात घालून उभा राहिलो. म्हणलं, "तुडवतो. पण फळीचा मुख्य मी. चारचौघांत सांगा."

विनिफ्रेडनं माझ्याकडे असं बघितलं की, जाऊ दे. हेडलीचा चेहरा पिठासारखा झाला होता. तो म्हणाला, "घे. मी चुकलोय. पुढच्या वर्षी नको, आत्तापासूनच घे." टोचायची सुई त्यानं काढून माझ्या हातात दिली.

झालं. मिळालं. मी बूट काढले, टबात उतरलो. झऱ्याचं पाणी ओतलं तशी पायाला कळ आली, पण मी तोंड वाकडं करणारा नाही. माती भरपूर लागणार होती, उजेड जायच्या आत. बघतो तर हेडली बाकावर बसून मोजे काढतोय.

"काय करतोयस?"

"एकट्यानं पुरं होणार नाही."

"तू? बस तिथंच. मरशील."

"सरक," तो म्हणाला आणि उतरला.

त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी कधी विसरणार नाही, मांजर बादलीत पडल्यासारखा. बायका हसल्या नाहीत. दात असे वाजायला लागले की उंटाच्या बाजूला काम करणाऱ्यांना ऐकू गेलं. पण तुडवत राहिला. माझा खांदा धरून. ओठ जांभळे, पाय गुडघ्यापर्यंत लाल. मी म्हणलं, "जा आता." तो म्हणाला, "झालं का?" मी म्हणलं, "नाही." तर म्हणाला, "मग गप तुडव."

आणि इकडे काय सुरू झालं. एकजण कांबळं घेऊन आली, त्याच्या खांद्यावर टाकलं. दुसरी चहा घेऊन आली, त्याच्या तोंडाला लावला. विनिफ्रेड त्याचे कान चोळत होती. "माझं बदक, पुरे ना आता." त्याच टबात, त्याच पाण्यात, वीतभर अंतरावर मी उभा. वीस वर्षं मी त्या टबात उभा राहिलोय. एकदासुद्धा कोणी मला विचारलं नाही, रूबेन, गार वाटतंय का? मी नाही म्हणलं असतं. पण विचारायला काय जातं?

माती झाली, फळीवर बसली. हेडलीला उचलून, आता कोठाराबाहेर ठेवलेल्या त्या शेगडीपाशी बसवलं. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुई माझ्याकडे होती.

मी रिबेकाचा चेहरा टोचायला घेतला. माझी बोटं पहारीची आहेत, मी काही लपवत नाही. नाक झालं, पण खाली खाली येत गेलं. ओठ वर जाऊन नाकाला भेटले.

विनिफ्रेड मागून म्हणाली, "उंट दोन झाले का?"

ह्या वेळी मात्र सगळ्या हसल्या. मी सुई घेऊन बाहेर हेडलीकडे गेलो. म्हणलं, "काढ." त्यानं हात पुढं केला. हात असा थरथरत होता की सुई गवतात पडली. परत उचलून दिली, परत पडली. तो म्हणाला, "तासाभरानं जमेल कदाचित."

"तासाभरानं उजेड नाही."

"मग तूच ठरव. मुख्य आहेस."

मी आत आलो. फळीपुढं उभा राहिलो. चेहरा मला येत नाही, त्याला येतो पण आज येत नाही. मग मला सुचलं, आणि हे कोणी सुचवलं नाही, मला सुचलं, की पाणी काढणारी बाई बघणाऱ्याकडे तोंड करून कशाला उभी राहील? तिला विहिरीत वाकवायची. पाठ आपल्याकडे. मी चेहरा पुसून टाकला. डोक्याचा एक गोल काढला, खांद्याची उतरती रेघ काढली, ती मला जमली, खाणीत ओझं उचलणारे खांदे मी रोज बघतो. म्हणलं, "केसांना साल लावा, ओली, काळी. वेणीला शेवाळ." बायका कामाला लागल्या. जेथ्रोनं विचारलं, "काय केलं त्यानं?" कोणीतरी सांगितलं. म्हातारा म्हणाला, "अच्छा."

जेथ्रोच्या तोंडून निघालेला अच्छा म्हणजे काय, ते आमच्या गावात विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहाजणांनी फळी विहिरीवर उभी केली. नवीन पँट घालून मी फळीशेजारी उभा राहिलो, मुख्य उभा राहतो त्या जागी. ऊन पडलं होतं. रिबेका वाकून पाण्यात बघत होती, आणि माणसं पुढं येऊन माना वाकवून बघत होती की तिला पाण्यात काय दिसतंय. असली फळी हार्टस्लॅकमध्ये झाली नव्हती. मी सांगतो म्हणून नाही.

पहिली आली ती बेकरीची म्हातारी ओल्डफील्डबाई. फळी बघितली, माझ्याकडे वळली. मी छाती काढली. ती म्हणाली, "हेडली कसा आहे रे?"

"ताप आहे. झोपलाय."

"बिचारा. त्या गार पाण्यात उतरला म्हणे."

मग पोस्टमन. "हेडलीला बरंय ना?" मग मुकादम, ज्यानं त्याला खाणीतून घालवलं होतं तोच. "तुझ्या भावानं कमाल केली म्हणे." पाद्रीसाहेबांनी पाण्याला आशीर्वाद दिला आणि वर हेडलीच्या प्रकृतीसाठी प्रार्थना केली. सगळ्यांनी टोप्या काढल्या. मीही काढली. टबात मीपण होतो, हे सांगायला तोंड उघडलं, पण प्रार्थनेत मध्येच कसं बोलणार.

शेवटी पलीकडच्या गावचे चौघेजण आले. त्यांच्या गावातही विहीर सजवतात, आमच्याइतकी बरी नाही. त्यातला एक लाल गालांचा, पबचा वास येणारा, म्हणाला, "हाच का तो फर्निस, माती तुडवून आजारी पडला तो?"

"माझा भाऊ."

"असला कसला नेश माणूस रे. पाय भिजले आणि खाटेवर." बाकीचे तिघं हसले.

हा शब्द मी जन्मभर हेडलीला वापरलाय. रोज वापरलाय. पण त्या लाल गालवाल्याच्या तोंडून तो मला ऐकवेना. मी त्याच्या कोटाची कॉलर धरली आणि त्याला रिबेकासमोर ओढला. म्हणलं, "ऐक. नेश आहेच तो. जन्मापासून आहे. झऱ्याच्या पाण्याला हात लावला तर त्याच्या अंगावर काटा येतो. तरी उतरला आणि माती होईपर्यंत बाहेर आला नाही. मी उतरलो त्यात काय, मला काही वाटतच नाही. तुमच्या गावात असा एक काढून दाखव, मग हस."

विनिफ्रेड गर्दीत होती, हेडलीसाठी झऱ्याचं पाणी भरून न्यायला आली होती. तिनं ऐकलं. आता माती तुडवण्याचं नावसुद्धा त्याचं झालं होतं, एका दुपारच्या तुडवण्यावर, आणि ते माझ्याच तोंडानं.

लाल गालवाल्यानं टोपी सरळ केली. म्हणाला, "राहतो कुठं तो? जाता जाता हात मिळवून जातो."

मी कॉलर सोडली आणि घर दाखवलं.